जहराचा लाल किल्ला आणि वाळूतली रेघ

आजोबांच्या तिकिटांच्या वहीत एक तिकीट होतं. पंचम जॉर्जचं चित्र असलेलं, आपल्या हिंदुस्थानचं, आणि वर काळ्या शाईत इंग्रजी अक्षरांत ‘कुवेत’ छापलेलं. लहानपणी मला वाटायचं, छापताना काहीतरी घोटाळा झाला असणार. नोकरीसाठी इथे कुवेतला आलो तेव्हा उलगडा झाला. १९२३ पासून कुवेतच्या टपालाला हिंदुस्थानची तिकिटं अशीच नाव छापून वापरत. बाजारात रुपया तर १९६१ पर्यंत चालला. इथला इंग्रज पोलिटिकल एजंटही हिंदुस्थान सरकारचाच नोकर, आणि त्याच्या वरच्या आखाती रेसिडेन्सीचा कारभार १८७३ पर्यंत आपल्या मुंबईतून चालायचा. हे कळल्यापासून या इंग्रज एजंटांनी इथे नेमकं काय केलं, हे शोधायचा मला नाद लागला आहे.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी जहराचा लाल किल्ला बघायला निघालो. सोबत ऑफिसातला एक कुवेती मित्र होता, मुतैर टोळीतला. जहरा म्हणजे कुवेत शहराच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर. शहर मागे पडलं की दोन्ही बाजूंना थंडीतल्या मुक्कामाचे पांढरे तंबू दिसू लागतात. वळणावर मित्राने काच खाली करून एका म्हाताऱ्याला वाट विचारली. त्याने हात लांब करून सांगितलं, “सीदा, सीदा!” आपल्या बंदरांतून गलबतांबरोबर आलेला हा शब्द इथल्या लोकांना आता परका वाटतच नाही.

नाव लाल किल्ला असलं तरी दिल्लीचा थाट डोळ्यांसमोर आणू नका. मातीच्या विटांच्या जाड भिंती, चार कोपऱ्यांना चार बुरूज, मध्ये मोकळं अंगण आणि विहीर. भिंतीला हात लावला की तांबूस माती तळव्याला लागते. मी त्या विहिरीपाशी बराच वेळ थांबलो, कारण १० ऑक्टोबर १९२० ला इथे जे घडलं त्याचं वर्म पाण्यात आहे. फैसल अल दुवैशच्या हाताखाली इख्वानांची, म्हणजे इब्न सौदच्या कट्टर धर्मनिष्ठ लढवय्यांची, फौज मध्य अरबस्तानातल्या नज्दहून चालून आली. जहराची वस्ती त्यांच्या हाती गेली आणि कुवेतचा राजा शेख सालिम उरलेल्या माणसांनिशी या भिंतींआड कोंडला गेला. आतलं पाणी खारट. माणसं आणि जनावरं तहानेने व्याकूळ झालेली. रात्री स्वार बाहेर निसटले, कुवेतला निरोप पोचला, समुद्राने आणि जमिनीने कुमक निघाली आणि इख्वान मागे हटले. इंग्रजांच्या लढाऊ बोटी खाडीत उभ्या राहिल्या, विमानांनी इख्वानांच्या तळावर इशाऱ्याची पत्रकं टाकली.

आणि हा दुवैश माझ्या मित्राच्याच टोळीचा सरदार! जहरात आज मुतैरांची कितीतरी घरं आहेत. मी जरा चाचरतच विषय काढला, पण तो मोकळेपणाने बोलला.

बदूंच्या, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या टोळ्यांच्या, धाडीला ‘गझू’ म्हणतात. आपल्याला मुलूखगिरी ठाऊक असल्यामुळे कल्पना पटकन समजते, फक्त इथे मुलखाऐवजी उंट. वैरी टोळीचे उंट हाकून न्यायचे. बायकांच्या अंगाला हात लावायचा नाही. रक्त शक्यतो सांडायचं नाही, कारण एक मुडदा पडला की दोन घराण्यांत सूड सुरू होतो आणि ‘दिया’ म्हणजे रक्ताची भरपाई ठरेपर्यंत तो थांबत नाही. आज गेलेले उंट दोन वर्षांनी परत आणता येत. दुष्काळी मुलखातली ती एक रीतच होती. इख्वानांनी ती मोडली. त्यांच्या लेखी समोरचा वैरी धर्म सोडलेला होता, म्हणून पुरुष दिसला की कापायचा.

यावर इंग्रजांनी काढलेला उपाय म्हणजे रेघ. १९२२ च्या शेवटी अरबस्तानातल्या उकैरच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून इराकमधला इंग्रज हाय कमिशनर सर पर्सी कॉक्सने नज्दचा सत्ताधीश इब्न सौद आणि इराकचे प्रतिनिधी समोर बसवले. दिवस गेले, कोणी ऐकेना, तेव्हा त्याने लाल पेन्सिल घेऊन नकाशावर स्वतःच सीमा आखली. कुवेत ज्या प्रदेशावर हक्क सांगत होता त्यातला सुमारे दोन तृतीयांश नज्दला गेला. कुवेतच्या बाजूने बोलायला तिथे होता तो इंग्रज एजंटच, मेजर मोर.

मला त्या पेन्सिलीचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. आपल्याकडे पावसाळा संपला की धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात जातात. मध्येच कोणी घाटमाथ्यावर रेघ ओढली आणि पलीकडे पाऊल टाकलंत तर विमानातून बॉम्ब टाकू म्हटलं, तर मेंढरं कुठे न्यायची? बदूंचं तेच झालं. पाऊस जिकडे पडेल तिकडे उंट जातात. १९२७ मध्ये इराकने वाळवंटात बुसैय्याच्या विहिरींपाशी पोलीस ठाणं बांधायला घेतलं, तेव्हा मुतैरांनी तिथली माणसं कापून काढली. मग इंग्रज विमानं सीमा ओलांडून त्यांच्या तळांवर बॉम्ब टाकू लागली. इख्वानांनी इराकी धनगरांची केलेली कत्तल मी विसरत नाही, ती भयंकरच होती. पण जी रीत टोळ्यांच्या वडीलधाऱ्यांना बसून मिटवता यायची, ती आता राज्याराज्यांतली कुरापत झाली आणि मिटवायचं कोणाच्याच हातात उरलं नाही.

किल्ल्याबाहेर छोट्या काचेच्या इस्तिकान्यात काळा चहा घेतला आणि संध्याकाळी शहरात परतून समुद्रकाठच्या डिक्सन हाउसमध्ये गेलो. पांढरी भिंत, निळी दारं-खिडक्या. १९०४ मध्ये पहिला एजंट नॉक्स आला तेव्हापासूनचं हे ठाणं. १९२९ मध्ये इथे एजंट म्हणून हॅरोल्ड डिक्सन आला. बैरूतमध्ये जन्मलेला, बदू दाईच्या दुधावर वाढलेला, त्यांची बोली अस्खलित बोलणारा. बायको व्हायलेट वाळवंटातली रानफुलं गोळा करायची. तिच्या नावाचं एक रोपटं आजही वनस्पतिशास्त्रात आहे.

डिक्सन आला त्याच साली मार्चमध्ये नज्दमधल्या सबिल्लाला इब्न सौदने आपल्यावरच उलटलेल्या इख्वानांचा मोड केला होता. दुवैश जखमी, पण जिवंत. आता त्याला पाठीशी कुवेत हवं होतं. बदूंच्या रिवाजात पळून आलेल्याने तंबूचा खांब धरला की तो ‘दखील’ होतो. मग तंबूवाल्याचा जीव गेला तरी त्याला शत्रूच्या हवाली करायचं नाही. हे डिक्सनला कुठल्याही गोऱ्या अंमलदारापेक्षा जास्त कळत होतं. पण वरून हुकूम होता, बंडखोरांना थारा द्यायचा नाही. जानेवारी १९३० मध्ये विमानं आणि चिलखती गाड्यांच्या कचाट्यात सापडून दुवैशने इंग्रजांपुढे हत्यार ठेवलं. बायकामुलं त्याने डिक्सन पती-पत्नीच्या हवाली केली. इब्न सौदकडून त्याला जिवे मारणार नाही असं वचन घेतलं गेलं आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्याला विमानाने इब्न सौदच्या तळावर नेऊन सोपवलं. पुढच्याच वर्षी तो रियाधच्या तुरुंगात मेला.

मी मित्राला विचारलं, तुमच्या घरात डिक्सनबद्दल काय बोलतात?

तो व्हरांड्यात उभा होता. समोर लाकडी गलबतांचा धक्का, त्यावर जाळी सुकत घातलेली. “माझी आजी म्हणायची, माणूस चांगला होता. बायकांची अब्रू त्याने राखली. पण त्याच्या तंबूला खांब नव्हता. खांब लंडनला आणि दिल्लीला होता.”

आतल्या खोल्या आम्ही मुकाट्याने बघितल्या. एका लहानशा खोलीच्या दारात तो थांबला, आतल्या जाड भिंतींकडे बघत म्हणाला, “त्या बायका इथे भेटायला येत असतील का रे, सदीक?” मग चपला बाहेर काढून आत गेला.