सेल-सेलेक्स करताना पीसीआरने काढलेला घाम : माझा अनुभव

पेपरमध्ये एकच ओळ असते, "पूल पीसीआरने वाढवला". पूल म्हणजे डीएनए तुकड्यांचा साठा आणि पीसीआर म्हणजे एकामागून एक फेऱ्या (सायकल) करून त्यांच्या प्रती काढणं. त्या एका ओळीत माझं सगळं काम अडकून पडलं होतं, अजून राग येतो म्हणून लिहितेय.

कॅन्सरच्या पेशीला नेमका धरणारा डीएनएचा छोटा तुकडा, म्हणजे अ‍ॅप्टामर, शोधायचा होता. असे तुकडे निवडायची सेलेक्स पद्धत १९९० पासूनची, ती अख्ख्या पेशींवर केली की सेल-सेलेक्स. अब्जावधी वेगवेगळ्या तुकड्यांची लायब्ररी पेशींवर सोडायची, चिकटलेले ठेवायचे, नॉर्मल पेशींनाही चिकटणारे काढून टाकायचे, उरलेले वाढवायचे आणि परत तेच. सुरुवातीचे राउंड मस्त गेले.

मग जेलवर (त्यात डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात) ८० बेस लांबीच्या एका बँडऐवजी, म्हणजे पट्ट्याऐवजी, वरपर्यंत नुसता पसरलेला डाग, स्मिअर! नेहमीच्या पीसीआरमध्ये टेम्प्लेट, म्हणजे ज्याची प्रत काढायची तो डीएनए, एकच असतं, इथे असंख्य आणि टोकं मात्र सगळ्यांची सारखी, त्यामुळे सायकल जास्त झाल्या की तुकडे एकमेकांनाच धरून भलतेसलते लांब होत जातात. ज्याला विचारावं तो म्हणे प्रॉडक्ट कमी आहे, सायकल वाढव. अहो त्यानेच तर बिघडतं! शेवटी प्रत्येक राउंडला आधी छोटा पायलट पीसीआर लावायला लागले, ८, १०, १२, १४ सायकलला एकेक ट्यूब काढायची आणि चारही शेजारी शेजारी जेलवर. १० ला फिकट, १२ ला बारीक पण स्वच्छ, १४ ला वर दुसरी सावली, की १२ वर थांबायचं. डीएनए जास्त हवा तर ट्यूब वाढवा, सायकल नाही. तो स्वच्छ बँड दिसला तेव्हा मी लॅबमध्ये जोरात ओरडले होते.

हां, हे आधी सांगायचं राहिलं, मेलेल्या पेशी कुठलाही डीएनए ओढून घेतात, त्यामुळे जिवंत किती ते बघूनच राउंड सुरू करा. आणि डिशला चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिन या एन्झाइमने सोडवू नका, पृष्ठभागावरची प्रोटीनंच कापली जातात. अ‍ॅप्टामर पेशीला धरतो का ते ३७ डिग्रीलाही तपासा, ४ ला घट्ट बसलेला तिथे सुटू शकतो.

टार्गेट, म्हणजे अ‍ॅप्टामर पेशीवर नेमकं काय धरतो ते, माहीत नाही म्हणून घाबरू नका, एसजीसी८ हा अ‍ॅप्टामर ल्युकेमियाच्या पेशींवर निवडला गेला आणि तो पीटीके७ या प्रोटीनला धरतो हे नंतर कळलं. डाय लावून पेशी ओळखणं त्यामानाने सोपं, औषध म्हणून वापरायचं तर रक्तातले न्यूक्लिएज नावाचे एन्झाइम तुकडा कापतात, उरलेला किडनीतून भराभर निघून जातो, म्हणून तुकड्याच्या रचनेत रासायनिक बदल आणि पेग (पॉलिएथिलीन ग्लायकॉलची लांब साखळी) जोडणं आलंच. २००४ ला औषध म्हणून मंजूर झालेला पेगाप्टानिब हा अ‍ॅप्टामर असाच, पण तो डोळ्यांसाठी.

आणि पायलटच्या प्रत्येक जेलचा फोटो राउंड नंबर टाकून ठेवा, गाईड मागतातच.