भिगवणला फोटो काढायला जाताय? फ्लेमिंगो उडवायला सांगू नका

जानेवारी संपता संपता भिगवणला (उजनी धरणाचं पाणी पसरलंय तिथे, हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात) जाऊन आलो, बरेच जण विचारत होते म्हणून लिहितोय. पुण्यातून सोलापूर हायवेने साधारण १०० किमी, पण शक्यतो आदल्या रात्री जवळच्या कुंभारगावात मुक्कामच करा, होमस्टे आहेत आणि जेवायला उजनीची चिलापी फ्राय मिळते (बाहेरून आलेला मासा, नदीतल्या मूळ माशांच्या मुळावर उठलाय, तेव्हा बिनधास्त खा).

नावेत उजाडायच्या आत बसा. नावाडी बहुतेक इथलेच मच्छीमार, हिवाळ्यात पक्ष्यांचे फोटो काढायला येणाऱ्यांमुळे चार पैसे मिळतात त्यामुळे पक्ष्यांना कोण त्रास देतंय यावर त्यांचंच लक्ष असतं, कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा उपयोग मला तरी हाच वाटतो. पण हेच उलटंही होतं. बाजूच्या नावेतला एकजण "दादा, जरा उडवा की" म्हणून मागेच लागला, फ्लाइट शॉट हवा होता ना! अहो फ्लेमिंगो डोकं उलटं करून चिखलपाणी गाळत तासन्‌तास खात असतो, तो काय टाइमपास करत नसतो, आणि उडायला त्याला पाण्यावर धावत जावं लागतं, दिवसभर प्रत्येक नावेने एकेकदा उडवला तर त्याने खायचं कधी? गिऱ्हाईकाला हेच हवं असतं असं नावाड्यालाही वाटतं, म्हणून बसतानाच सांगून टाका, उडवायचे नाहीत, वेळ लागला तर लागू दे. आमच्या दादांनी इंजिन लांबच बंद केलं, मग नुसते बसून राहिलो तर थवा आपणहून खात खात जवळ आला.

कुरव पक्ष्यांना (सीगल) शेव टाकून फोटो काढणं पण बंद करा प्लीज.

लेन्स १००-४०० मिमी पुरते, नाव हलते म्हणून ट्रायपॉड घरीच ठेवा, शटर स्पीड १/२००० सेकंदाच्या आसपास. पट्टकादंब (बार-हेडेड गूज, डोक्यावर काळे पट्टे असलेले हंसासारखे पक्षी) दिसले तर माना नीट बघा, मंगोलियात काहींच्या गळ्यात नंबरचा पट्टा घालतात, नंबर वाचता येईल असा एक फोटो तारीख-ठिकाणासकट पक्ष्यांच्या अभ्यासकांना पाठवलात तर पक्षी कुठून कुठे गेला ते त्यांना कळतं. तुमच्या शंभर सुंदर फोटोंपेक्षा तो धुरकट फोटो कामाचा.

दुपारी वेळ उरला तर कडबनवाडीच्या गवताळ रानात जा, चिंकारा आणि खोकड (छोटा कोल्हा) दिसतात. लोकल गाईड घ्या, गाडी रस्ता सोडून घालू नका आणि खोकडाचं बीळ सापडलं तर लोकेशन ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे दहा गाड्या उभ्या असतात.