दहा अक्षरांची सनई

आमच्या जेल रोडच्या घरात माळ्यावर, पलंगाखाली आणि देवघराशेजारच्या कपाटात मिळून अकरा सिंथेसायझर आहेत. बायको त्या सगळ्यांना सरसकट ‘कॅसिओ’ म्हणते. खरा कॅसिओ त्यात एकच, आणि तोही फूटभर लांबीचा. पण तिला एकटीला काय बोलायचं? नाशकात तुम्ही लाखाचा कीबोर्ड घेऊन स्टेजवर उभे राहा, लोक ‘कॅसिओवाला आला’ असंच म्हणणार.

तो फूटभर कॅसिओ म्हणजे व्हीएल-१. १९८२ च्या मे महिन्यात मामाने कुवेतहून आणला, तेव्हा मी सहावीत जाणार होतो. आणला होता वडिलांसाठी, कॅल्क्युलेटर म्हणून. खटका एका बाजूला सरकवला की हिशेब, दुसऱ्या बाजूला सरकवला की बाजा, असं ते दुहेरी प्रकरण होतं. पट्ट्या कसल्या, बटणंच ती, आणि एका वेळी एकच सूर. वडील नोट प्रेसमध्ये होते. रात्री जेवणं झाली की ते त्यावर किराण्याची बेरीज मारायचे, आणि ती जुळली की यंत्र माझ्या ताब्यात यायचं.

त्यात एक गंमत होती. सोबतचं इंग्रजी पुस्तक अडखळत वाचून ती मला कळली. आठ आकडी संख्या कॅल्क्युलेटरच्या मेमरीत टाकायची आणि आवाजाचा खटका ‘एडीएसआर’वर न्यायचा. त्या संख्येचाच आवाज व्हायचा! पहिला आकडा आवाजाची जात ठरवायचा, दुसरा सूर किती झटकन उठतो ते, मग तो किती भरभर उतरतो, कुठे थांबतो, किती वेळ टिकतो, सरतेशेवटी किती रेंगाळतो. शेवटचे दोन आकडे थरथरीचे. आता रोज नवे आठ आकडे आणायचे कुठून? प्रेसवाल्याच्या पोराला हे सांगावं लागत नाही. नोटेवरचा नंबर. मधलं अक्षर सोडलं की कितीतरी नोटांवर बरोब्बर आठ आकडे भरायचे.

वडिलांचा पगार झाला की त्या संध्याकाळी मी नोटा एकेक करून वाजवून बघायचो. बहुतेक नोटा नुसत्या ‘टिक्’ करून मरायच्या. शंभराच्या नोटेचा आवाज दहाच्या नोटेपेक्षा भारी असेल असं उगाच वाटायचं, तसं काही नसायचं. एक दोनची नोट मात्र अशी लागली की सूर लांबवर जायचा, बासरीसारखा, आणि शेवटाला किंचित थरथरायचा. ती मी भूगोलाच्या पुस्तकात वर्षभर जपली. मग एका सकाळी सुटे नव्हते म्हणून आईने ती दूधवाल्याला दिली. नंबर कुठेतरी लिहून ठेवायची अक्कल मला नव्हती.

पुढचं थोडक्यात. आयटीआय केलं, सातपूरला कारखान्यात मेंटेनन्सला लागलो, गणपतीत आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवलं. पगाराचे पैसे घरात, ऑर्केस्ट्राचे कीबोर्डात, हा लग्नाआधीचा करार बायकोने आजवर मोडलेला नाही.

यामाहाचा डीएक्स७ मला १९९८ मध्ये मिळाला, पंचवटीतल्या एका काकांकडून. काका ऑर्केस्ट्रातले जुने खेळाडू, तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. कॉर्ग आणि रोलँडचे नवे कीबोर्ड आले होते, त्यांत खऱ्या वाद्यांचं ध्वनिमुद्रणच भरलेलं असे. तबला म्हणा, सतार म्हणा, बटण दाबलं की हजर. डीएक्स७ला कोणी विचारेना. काकांनी तो मला जवळजवळ मिठाईच्या भावात दिला. चौदा किलोचं ते पत्र्याचं धूड मांडीवर आडवं, एक टोक रिक्षाबाहेर, अशा अवस्थेत मी नाशकातल्या द्वारका चौकावरून घरी आलो.

डीएक्स७ मध्ये ध्वनिमुद्रण नाही, फिल्टरही नाही. साध्या गोल लहरी काढणारे सहा ऑपरेटर, आणि ते एकमेकांना जोडायच्या ३२ ठरलेल्या रीती, एवढाच संसार. एका लहरीने दुसरीला हलवायचं. गवई स्वरावर आंदोलन घेतो तसं समजा. ते आंदोलन वाढवत वाढवत सेकंदाला शेकडो वेळा नेलं, तर कानाला हलणं कळेनासं होतं आणि स्वराचा पोतच बदलतो. त्याची घंटा होते, पितळ होतं, काच होते. जॉन चाऊनिंग यांच्या हे १९६७ मध्ये स्टॅनफर्डला कॉम्प्युटरवर प्रयोग करताना लक्षात आलं. यामाहाने त्याचे हक्क घेतले आणि १९८३ मध्ये डीएक्स७ बाजारात आणला. लोक त्याला किचकट म्हणतात, ते खरंच आहे. एक आकडा इकडचा तिकडे झाला की बासरीची कुकरची शिट्टी होते. बहुतेक वादक कंपनीने दिलेले आवाजच जन्मभर वाजवत बसले.

काका तसे नव्हते. त्यांनी आतल्या ३२ पैकी निम्म्याहून जास्त आवाज स्वतः रचले होते. डीएक्स७ मध्ये आवाजाच्या नावाला दहाच अक्षरं मिळतात, मधली मोकळी जागा धरून, आणि तीही रोमन. एकोणिसाव्या बटणावर काकांना ‘सनई लग्न’ लिहायचं होतं. त्यातला शेवटचा ‘ए’ मावला नाही. त्यामुळे पडद्यावर ‘सनई लग्न्’ असं अर्धवट लग्न लागलेलं दिसायचं.

त्या सनईवर माझा जीव होता. सुरुवातीला पिपाणीसारखी किंचित गुदमरायची, मग एकदम नाक उघडल्यासारखी मोकळी व्हायची. सूर अर्धा केस चढा. डाव्या हाताने चाक ओढून मींड घेतली की मांडवातल्या म्हाताऱ्या माना वळवून खरा सनईवाला कुठे बसलाय ते शोधायच्या. निदान मला तसं वाटायचं.

मध्येच जुनोचं सांगतो, कारण त्याशिवाय मी किती शहाणा आहे ते कळणार नाही. रोलँडचा जुनो-१०६, १९८४ चा, जपानहून आलेला जुना माल. मुंबईहून खोक्यातून घरी आला, मी हात धुऊन, उदबत्ती लावून प्लग घातला. मागच्या पट्टीवर स्वच्छ लिहिलं होतं, १०० व्होल्ट. मी दिले २३०. मेंटेनन्सचा माणूस! वार्निश जळल्याचा वास देवघरापर्यंत गेला आणि आई म्हणाली, “उदबत्ती बदल रे, ही चांगली नाही.” ट्रान्सफॉर्मर पुन्हा भरून घेतला, बाकीचं सुदैवाने वाचलं.

तरी एका वेळी वाजणाऱ्या सहा सुरांतले दोन मुकेच होते. ते माझं पाप नव्हे, जुनोचा हा वंशपरंपरागत आजार आहे. प्रत्येक सुराची एक छोटी पाटी असते, ८००१७ए नावाची, आणि तिच्यावर काळं लुकण ओतलेलं असतं. वय झालं की ते लुकणच आतल्या भागांना दगा देतं. मग पाटी सोल्डर काढून सोडवायची आणि ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवायची. मी लोणच्याची काचेची बरणी घेतली. दोन दिवसांनी लुकण फुगून सायीसारखं सुटायला लागलं, लाकडी टूथपिकने अलगद खरवडलं. एक सूर परत आला, एक नाही आला. बरणी मात्र कायमची माझी झाली.

रोलँडच्याच टीबी-३०३ वर मी नोकरीला लागल्यापासून डोळा ठेवून आहे, पण आता त्याचा भाव ऐकूनच पोटात गोळा येतो. एके काळी हा चंदेरी डबा कोणाला नको होता. गिटारवाल्यांना सरावाला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेला, तो चालला नाही आणि १९८४ मध्ये बंद पडला. पण त्याच्याआधीच, १९८२ मध्ये, मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी त्याच्यावर राग वाजवून अख्खी तबकडी काढली होती, सोबत टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय आहे, तिच्यात त्यांना मींड ऐकू आली असणार. तेव्हा त्या तबकडीची दखल कोणी फारशी घेतली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा तिकडचे लोक कानाला हात लावून ऐकत बसले.

असो, सनईकडे येतो.

मागच्या पावसाळ्यात डीएक्स७ ची आतली बॅटरी उतरली. बत्तीस आवाज जिवंत ठेवायचं काम तिचं. ती काढली की पाटी कोरी. म्हणून आधी सगळं मिडीतून, म्हणजे वाद्य कॉम्प्युटरला जोडायच्या सोयीतून, कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं. माल किती? ४१०४ बाईट. सकाळी व्हॉट्सॲपवर येणारं सुप्रभातचं एक फूल याच्या कितीतरी पट जड असतं. दीड सेकंदाचं काम. मी ऑनलाइन एक स्वस्तातली केबल मागवली, तिचा दिवा लुकलुकला, फाइल तयार झाली, तिला मी प्रेमाने नाव दिलं. फक्त ती किती बाईटची झाली ते बघितलं नाही. स्वस्त केबली लांब मजकूर मध्येच गिळतात हे मी दुसऱ्यांना ऐकवलेलं आहे, वर हसून.

जुनी बॅटरी सोल्डर काढून उपटली, जागी होल्डर बसवला, नवी घातली. पडद्यावर गिचमिड अक्षरं. ठीक आहे, तसं होतंच. फाइल पाठवली. काही नाही. परत पाठवली. मग फाइल उघडून बघितली तर हजारभर बाईट. एका आवाजाला १२८ लागतात. म्हणजे पहिले आठ वाचले होते. सनई एकोणिसावी.

दोन आठवडे मी कोणाला बोललो नाही. मग भाच्याच्या गाडीत डीएक्स७ घातला आणि पंचवटी गाठली. काका आता ऐंशीच्या घरात, कानाला मशीन. मी पाया पडून सांगितलं, “काका, तुमची सनई माझ्या हातून गेली.”

“कोणती?”

“ती लग्नाची.”

“ती? अरे, ती रडकी होती! घाईघाईत एका सीझनपुरती केली आणि तशीच राहिली. वाजवताना लाज वाटायची मला.”

सत्तावीस वर्षं मी जिला जपलं तिच्याबद्दल हे. मी पाणी मागितलं.

काकांनी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं, ते लावून सूर खोटे ऐकू येतात म्हणाले, आणि डीएक्स७ जवळ ओढला. त्या सपाट बटणांवर बोट किती दाबायचं हे बोटाला अजून आठवत होतं. पाऊण तास ते आकडे वरखाली करत होते. मधेच म्हणाले, “सनई नाकात असते, घशात नाही.” नवा आवाज निघाला तो खरोखर चांगला होता. जास्त सरळ, सुरात. मला जुनीच आवडायची हे मी बोललो नाही.

मग नाव. त्यांनी एकेक अक्षर शोधून लिहिलं: ‘सनई बरी’. रोमन लिपीत मोजून दहा. स्टोअरचं बटण धरून एकोणीस दाबलं आणि पडद्यावर आलं, ‘मेमरी प्रोटेक्टेड’. काकांनी एक अस्सल पंचवटीची शिवी हासडली. आतून काकू म्हणाल्या, “पाहुणे आहेत ना?”

“काका, थांबा,” मी म्हणालो, “कशाला हात लावू नका,” आणि पिशवीतून वही काढली. एका आवाजाचे १४५ आकडे असतात, सहा ऑपरेटरचे प्रत्येकी एकवीस आणि वरचे एकोणीस. ते एकेक पडद्यावर आणायचे आणि लिहायचे. तिसऱ्या ऑपरेटरपर्यंत आलो तेव्हा चहा आला. तो निवून गेला तरी काका कुलूप उघडायचं बटण शोधत होते आणि मी त्यांचा हात धरून बसलो होतो.