स्मार्ट गो-पट घ्यावा का? सरावाशी ताडून घेतलेला निर्णय

गो हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा पटावरचा खेळ. त्याच्या इलेक्ट्रॉनिक पटाविषयीचा माझा विचार आता निर्णयापर्यंत आला आहे, म्हणून त्यामागची कारणे सविस्तर नोंदवून ठेवतो. अशा पटाकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत: ऑनलाइन डाव पडद्याऐवजी खऱ्या सोंगट्यांनी खेळता यावा, आणि समोरासमोर झालेल्या डावाची किफू, म्हणजे चालींची नोंद, आपोआप एसजीएफ या गो-डाव साठवण्याच्या फाइलमध्ये उतरावी. पहिली गरज मला अधिक जवळची वाटते, कारण पडद्यावर कोपऱ्यातली झुंज वाचता येते, पण त्याच वेळी पटाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या दुबळ्या गटाचे भान लाकडी पटावर राहते तसे राहत नाही.

बुद्धिबळाचे संवेदक असलेले पट स्पर्धांमध्ये रुळले आहेत, त्यामुळे तेच तंत्र गोलाही सहज लागू पडेल असे वाटते. गोची अडचण मात्र वेगळ्या जातीची आहे. तिथे ६४ घरे आणि प्रत्येक मोहऱ्याभोवती मोकळी जागा. इथे ३६१ छेदबिंदू, दोन रेषांमधले अंतर साधारण २२ ते २४ मिलिमीटर आणि सोंगटीचा व्यासही जवळपास २२ मिलिमीटर. मध्यडावानंतर सोंगट्या एकमेकींना खेटून बसतात आणि हात लागताच थोड्या सरकतात. संवेदकाला काळी-पांढरी ओळखता यावी म्हणून सोंगट्यांमध्ये उलटसुलट ध्रुवांची चुंबके बसवली, तर शेजारच्या एकाच रंगाच्या सोंगट्या एकमेकींना दूर लोटणार आणि विरुद्ध रंगाच्या जवळ ओढणार. चुंबक अगदी क्षीण ठेवून हे आटोक्यात आणता येते, पण तेव्हा संवेदक अधिक तीक्ष्ण लागतात. शिवाय त्या पटासोबत त्याच्याच सोंगट्या वापराव्या लागतात. स्लेट-शिंपल्याच्या किंवा युन्झी या चिनी बनावटीच्या सोंगट्यांचे वजन आणि त्यांचा पटावर उमटणारा आवाज ज्याला प्रिय आहे, त्याच्यासाठी ही किंमत लहान नाही.

किफूच्या बाबतीत मी अधिक खोलात गेलो. सोंगटी ठेवली की नोंद झाली, इतके ते सोपे नसते. मोठा गट मारला गेला की त्याच्या सोंगट्या एकेक करून उचलल्या जातात, आणि त्या मधल्या अवस्था म्हणजे चाली नव्हेत, हे सॉफ्टवेअरला नियमांच्या आधारे कळावे लागते. जपानी पद्धतीने मोजणी करताना कैदी (मारलेल्या सोंगट्या) प्रतिस्पर्ध्याच्या प्रदेशात भरले जातात आणि मोजायला सोपे आयत तयार व्हावेत म्हणून सोंगट्या हलवल्या जातात. डाव संपल्याचे आधी सांगितले नसेल, तर पट हा सगळा पसारा चाली म्हणून टिपू शकतो. डावानंतरच्या चर्चेत तर आपण सतत फाटे फोडतो, मागे येतो, पुन्हा दुसरीकडे जातो. एसजीएफची रचनाच झाडासारखी असल्यामुळे हे फाटे तीत उत्तम साठवता येतात, मात्र मूळ डावात आपण नेमके कुठे परतलो हे पटाला कोणीतरी सांगावेच लागते. खरेदीपूर्वी कोणत्याही पटाची परीक्षा या तीन ठिकाणी घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

दरम्यान ओजीएस या ऑनलाइन गो-संकेतस्थळावरचे पत्रव्यवहारी (एकेका चालीला बराच वेळ असणारे) डाव मी साध्या पटावर मांडून खेळत आहे. प्रतिस्पर्ध्याची चाल पडद्यावर पाहायची, तिची जागा पटावर शोधायची, सोंगटी ठेवायची आणि मग विचाराला लागायचे. यात जाणवलेली गोष्ट अशी की, ती जागा स्वतः शोधताना आजूबाजूची स्थिती पुन्हा एकदा नजरेखालून जाते, आणि समोरच्याने इथेच का खेळले हा प्रश्न आपोआप मनात येतो. स्मार्ट पटावर त्या बिंदूपाशी दिवा लागतो आणि हे काम उरतच नाही. किफूचेही तसेच: समोरासमोरचा डाव संपल्यावर आठवणीतून मांडून मगच फाइलमध्ये भरायला लागल्यापासून फुसेकीतल्या (डावाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या) चालींचा क्रम मला बराच पक्का आठवतो. ती फाइल काटागो या गो खेळणाऱ्या संगणकप्रणालीला दिली की विश्लेषण तेवढेच चांगले मिळते. ती कुठल्या मार्गाने तयार झाली याने त्यात काहीच फरक पडत नाही.

वेगवान डावांचे गणित वेगळे आहे. तीस सेकंदांच्या ब्योयोमीत, म्हणजे मूळ वेळ संपल्यावर प्रत्येक चालीला तेवढाच वेळ उरतो तेव्हा, चाल पाहणे, मांडणे, कैदी उचलणे आणि आपली चाल पुन्हा पडद्यावर टिपणे यात विचाराचा वेळच खर्च होतो, त्यामुळे तिथे दिवे आणि संवेदक असलेल्या पटाला माझ्याकडे पर्याय नाही. पण माझा बहुतेक सराव संथ डावांचा आहे, म्हणून तूर्त हा पट न घेण्याचे मी ठरवले आहे.

पुढे हा निर्णय बदलायचा झाला, तर पट एकाच कंपनीच्या ॲपवर अवलंबून नसावा, ही माझी पहिली अट राहील. ओजीएसचा प्रोग्रामिंग इंटरफेस खुला आहे. पटाची जोडणीही खुली असेल, तर ॲप बंद पडल्यावर इतरांना पर्याय लिहिता येईल, नाहीतर ३६१ संवेदक असलेली ती वस्तू नुसती जड फळी होऊन बसेल. एखादा संवेदक निकामी झाल्यास तेवढाच बदलता यावा, हेही मी पाहीन. तोवर वेगवान डाव पडद्यावर आणि संथ डाव लाकडी पटावर अशी विभागणी ठेवली आहे, आणि समोरासमोरच्या डावांसाठी पटावर मोबाइलचा कॅमेरा टांगून सोंगट्या ओळखणाऱ्या ॲपची चाचणी सुरू केली आहे. त्यात सध्या सोंगट्यांवरची चमक आणि मध्ये येणारा हात यांचाच बंदोबस्त करत आहे.