आमची वाटचाल: 'सर्वांत लांब' हा रकाना आम्ही का काढला

आमच्या गोल्फच्या काठ्यांच्या वर्कशॉपमधली पहिली वही अजून कपाटात आहे. तिच्या प्रत्येक पानावर पाच रकाने आखलेले: ड्रायव्हरचं (म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या काठीचं) नाव, स्विंगचा वेग, चेंडूचा वेग, स्पिन (चेंडूची गिरकी) आणि शेवटी लाल शाईत 'सर्वांत लांब'. तो शेवटचा रकाना आम्ही तीन वर्षं इमानेइतबारे भरला आणि मग एके दिवशी काढून टाकला. वाटचाल लिहायला बसलो तर खरं तर या रकान्याचीच गोष्ट सांगावी लागते. जागा बदलली, माणसं वाढली, यंत्रं आली, हे काय कुठल्याही धंद्यात होतंच.

सुरुवात दुरुस्तीपासून. मी आणि माझा भागीदार, दोघंच. क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, ग्रिप बदलायच्या, शाफ्ट (दांडे) कापायचे, सैल झालेलं हेड (चेंडूला मारायचं डोकं) पुन्हा चिकटवायचं. पहिल्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या घाईपायी इपॉक्सी पक्कं धरायच्या आत क्लब त्याच्या हातात दिला. तिसऱ्या फटक्याला चेंडू गेला जेमतेम आणि त्याच्या मागोमाग हेड निघालं. भागीदार हळूच म्हणाला, "चेंडूपेक्षा लांब गेलं की!" मला हसू आलं नाही. मागे कुणी उभं नव्हतं म्हणून निभावलं. तेव्हापासून चिकटवलेला क्लब पूर्ण एक दिवस स्टँडवर राहतो, मग समोर कोणीही उभा असो.

दुरुस्तीला आलेला माणूस जाता जाता एक प्रश्न हमखास टाकायचा: "सध्या सगळ्यांत लांब जाणारा ड्रायव्हर कोणता?" शंभरदा ऐकल्यावर वाटलं, धंदा इथेच आहे. एक वापरलेला लाँच मॉनिटर (रडारने फटका मोजणारं यंत्र) घेतला, सहा हेडं जमवली, जाळी बांधली आणि जाहीर केलं की आमच्याकडे या, ड्रायव्हरची तुलना करून मिळेल.

ती पहिली कोष्टकं आठवली की आजही कान लाल होतात. आमच्या यादीतला चौथा ड्रायव्हर जवळजवळ रोज जिंकायचा. आम्ही तो छातीठोकपणे सुचवायचो. एकदा टेबलावरची रांग चुकून उलटी लागली आणि जिंकला भलताच. तोही चौथ्या जागेवरचाच! तेव्हा ट्यूब पेटली: पहिले दोन ड्रायव्हर माणसाचं अंग मोकळं होण्यात खर्ची पडतात, शेवटचे दोन दमलेल्या हातांच्या वाट्याला येतात. चौथ्याला मिळतो गरम झालेला, न दमलेला खेळाडू. आम्ही ड्रायव्हर तपासत नव्हतो, रांगेतली जागा तपासत होतो.

एक चूक सापडली की तिच्या बहिणी सापडतात. प्रत्येक हेडला त्याचा कंपनीतून आलेला शाफ्ट होता. लांबी वेगळी, वजन वेगळं, लवचीकपणा वेगळा. शाफ्टवर छापलेल्या 'आर' (रेग्युलर) आणि 'एस' (स्टिफ, म्हणजे ताठ) या अक्षरांना सगळ्या कंपन्यांचं मिळून कुठलंही एक माप नाही. एकाचा 'आर' दुसऱ्याच्या 'एस'इतका ताठ निघू शकतो. हेडवर छापलेला लॉफ्ट (फेसचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा, मागचा कल) गेजवर लावला तर अंशभराने इकडेतिकडे असायचा. चेंडू सरावाचे, घासलेले. आणि आमच्या रडारला जाळीपर्यंतच्या चार हातांत स्पिन नीट दिसत नसे, त्यासाठी चेंडूवर धातूची छोटी टिकली चिकटवावी लागते. ती आम्ही चिकटवत नव्हतो, कारण माहितीपुस्तिका वाचायचा कंटाळा केला होता. म्हणजे चौथ्या रकान्यातले कित्येक आकडे यंत्राने अंदाजाने भरलेले होते आणि आम्ही ते मोत्यासारख्या अक्षरात उतरवत होतो.

हे सगळं सुधारलं. एकच शाफ्ट सगळ्या हेडांना बसवायचा, चेंडू एकाच प्रकारचे नवे, क्रम दर वेळी बदलता, आणि पहिल्यांदा मारलेला ड्रायव्हर शेवटी पुन्हा मारायचा. आता तरी लांबीतला फरक स्वच्छ दिसेल अशी आशा होती. दिसलं ते उलटंच. मधोमध बसलेल्या फटक्यांपुरतं पाहिलं तर सहाही ड्रायव्हर जवळजवळ एकाच रांगेत उभे!

यात नवल नव्हतं, आम्ही नियम वाचलेले नव्हते एवढंच. एकेकाळी ड्रायव्हरचं डोकं परसिमनच्या लाकडाचं असे. आपल्याकडच्या टेंभुर्णीच्या कुळातलं ते झाड. १९७९ साली गॅरी अॅडम्स यांनी टेलरमेड कंपनी काढून स्टीलचा ड्रायव्हर आणला. १९९१ मध्ये कॅलवे कंपनीचा बिग बर्था आला, तो १९० सीसी आकारमानाचा. तेव्हा लोकांना ते डोकं अवाढव्य वाटलं होतं. पुढे टायटॅनियम आलं आणि डोकी फुगतच गेली. शेवटी आर अँड ए आणि यूएसजीए या दोन नियामक संस्थांनी २००४ पासून ४६० सीसीवर रेघ मारली. त्याहून महत्त्वाची रेघ फेसच्या उसळीवर आहे. चाचणीतला छोटा लोलक फेसला जितका वेळ टेकतो तो २३९ मायक्रोसेकंदांच्या आत हवा, वर १८ ची सूट. बड्या कंपन्या या मर्यादेला नाक टेकवूनच फेस बनवतात. मग मधोमध बसलेला चेंडू एकाकडून वीस यार्ड जास्त जाणार कुठून? जाहिरातीत तो जातो, ती गोष्ट निराळी.

(या मर्यादेला किती घासून चालतात बघा: वापरून वापरून फेस किंचित जास्त उसळू लागतो. २०१९ च्या ओपन स्पर्धेत अमेरिकी व्यावसायिक गोल्फर झँडर शॉफलीचा ड्रायव्हर याच चाचणीत अडकला होता.)

तरीही लाल रकाना चालूच होता. गिऱ्हाईक त्यासाठीच येत होतं ना! तो बंद पाडला एका निवृत्त काकांनी. त्यांनी आमच्याकडे बारा चेंडू मारून एक कमी स्पिनचा, पुढे वजन असलेला ड्रायव्हर नेला होता. बारांतला एक फटका डोळे दिपवणारा होता आणि आम्ही तोच लाल शाईत लिहिला होता. महिन्याभराने आले. भांडायला नव्हे, भांडले असते तर बरं वाटलं असतं. खुर्चीत बसून शांतपणे म्हणाले, "अहो, तुमच्या यंत्रातला तो फटका मला मैदानावर परत एकदाही सापडला नाही."

मी वही उघडली. उरलेल्या अकरा चेंडूंचं काय झालं होतं? त्यांचे आकडे यंत्रात होते, वहीत नव्हते. मोठ्या स्क्रीनवर सगळे बारा ठिपके लावले तर पंख्यासारखे पसरले होते. चार तर फेअरवेच्या (मैदानावरच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) रुंदीत कुठेच बसत नव्हते. काकांना मी म्हटलं, "आज पैसे नकोत, पुन्हा मारू." फेसवर पायाला मारायच्या पावडरचा फवारा मारला. हा फिटिंगवाल्यांचा जुना उपाय. चेंडूचा गोल ठसा लख्ख उमटतो. बारा ठसे उमटले आणि बहुतेक हीलच्या, म्हणजे शाफ्टकडच्या बाजूला, फेसच्या खालच्या अर्ध्यात.

आता या ठशांत सगळी कथा असते. ड्रायव्हरचं गुरुत्वमध्य फेसच्या बरंच मागे असतं. चेंडू मध्याच्या बाहेर लागला की हेड त्या बाजूने मागे ढकललं जाऊन फिरतं आणि दात्यात दाता अडकल्यासारखं चेंडूला उलटा फेरा देतं. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू 'टो'ला, म्हणजे फेसच्या पुढच्या टोकाला लागला तर तो डावीकडे वळू बघतो, हीलला लागला तर उजवीकडे. फेसला आडवा फुगवटा दिलेला असतो तो यासाठीच, की चेंडू आधी विरुद्ध दिशेला निघावा आणि वळून मध्ये यावा. उभ्या दिशेलाही हेच. फेसच्या वरच्या भागात लागला की चेंडू उंच निघतो आणि स्पिन घटतो. खाली लागला की बुटका निघतो आणि स्पिन चढतो. काकांचा तो एकुलता एक लांब फटका चुकून वर बसला होता. त्यांचा नेहमीचा फटका खाली-हीलला: स्पिन भरपूर, उजवीकडे वळणारा, वाऱ्यावर फुगून खाली येणारा. हेड कमी स्पिनचं म्हणून दिलं आणि त्यांच्या ठशावर ते कमी स्पिनचं राहिलंच नाही.

त्या संध्याकाळी आम्ही वजन मागे असलेलं, वळायला नाखूष असं हेड त्यांना दिलं. लॉफ्ट एका अंशाने जास्त, शाफ्ट इंचभर आखूड. शाफ्ट अर्धा इंच कापला की स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड वाटतं त्याचं माप) साधारण तीन अंकांनी उतरतं, म्हणजे इंचाला सहा. ते हेडवर वजन लावून भरून काढावं लागलं. त्यांचा सर्वांत लांब फटका आता आधीपेक्षा कमी होता. पण पंखा मिटला होता. वाईटातला वाईट फटकाही पुढचा शॉट खेळता येईल अशा जागी पडत होता. काका स्क्रीनकडे बघून म्हणाले, "हा सांभाळून घेणारा आहे." इंग्रजीत फर्गिव्हनेस म्हणतात त्याला आमच्या दुकानात तेव्हापासून हाच शब्द आहे.

दुसऱ्या दिवसापासून लाल रकाना गेला. त्याच्या जागी दोन आले: पसारा, आणि सर्वांत वाईट तीन.

सांभाळून घेण्याचंही माप असतं. हेड फिरायला किती विरोध करतं ते एमओआयने मोजतात आणि उभ्या अक्षाभोवती त्याची मर्यादा ५९०० ग्रॅम चौरस सेंटिमीटर, वर १०० ची सूट. मग २०२४ मध्ये पिंग कंपनीने 'जी४३० मॅक्स १०के' काढला तो दहा हजारांचा कसा, असं गिऱ्हाइकं विचारतात. तो आकडा दोन अक्षांची बेरीज आहे: टो-हीलचं वळणं आणि वर-खाली कलणं. नियमाबाहेर काही नाही. पण फुकटही काही नाही. वजन मागे नेलं की हेड स्थिर होतं आणि चेंडू उंच निघतो, त्यासोबत बहुतेक वेळा स्पिनही थोडा चढतो. वजन फेसजवळ आणलं की स्पिन उतरतो आणि हेड चंचल होतं. अलीकडे कार्बनचं छत वगैरे वापरून कंपन्या ही ओढाताण कमी करत आल्या आहेत. संपवलेली नाही.

स्पिनबद्दल जरा जास्त बोलतो, कारण सर्वाधिक गैरसमज इथे आहेत. स्पिन म्हणजे शत्रू, तो जितका कमी तितकं बरं, असं धरून लोक येतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एडिनबर्गच्या पीटर गथ्री टेट या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं की चेंडू हवेत इतका वेळ टिकतो तो त्याच्या मागे फिरण्यामुळेच. (त्यांचा मुलगा फ्रेडी पट्टीचा गोल्फर, १८९६ आणि १८९८ ची ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा त्याने जिंकली. वडिलांची गणितं तो खेळताना डोक्यात ठेवत असेल असं मला वाटत नाही.) फिरणंच काढून घेतलं तर हळू स्विंगचा चेंडू मधल्यामध्ये दगडासारखा पडतो.

ट्रॅकमॅन या लाँच मॉनिटरच्या कंपनीने प्रसिद्ध केलेली एक जुनी सरासरी आम्ही भिंतीवर लावली आहे. पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेतले पुरुष: क्लबचा वेग ताशी ११३ मैल, चेंडू १०.९ अंशांनी निघतो, स्पिन मिनिटाला २६८६ फेरे, कॅरी (हवेतून कापलेलं अंतर) २७५ यार्ड. एलपीजीए या महिलांच्या मालिकेतल्या खेळाडू: वेग ९४, निघतो १३.२ अंशांनी, स्पिन २६११, कॅरी २१८. महिला चेंडूला किंचित वर जाताना मारतात, पुरुष किंचित खाली येताना. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पुरुषांचा वेग दुसऱ्या ओळीशी जुळतो आणि ड्रायव्हर त्यांना पहिल्या ओळीतल्यांचा हवा असतो. नऊ अंशांचं, पुढे वजनाचं हेड, ताठ शाफ्ट. मी भिंतीकडे बोट दाखवतो. काही जण रुसतात. एक गृहस्थ तर "मला बायकांचं कोष्टक दाखवता?" म्हणून उठून गेले. पुढच्या मोसमात आले, साडेदहाचा लॉफ्ट मागायला, आणि भिंतीकडे एकदाही न बघता.

या बदलाची किंमत धंद्याने मोजली. ठरवलं की पैसे तपासणीचे घ्यायचे, हेड विकण्यावर अवलंबून राहायचं नाही. कारण नीट मोजलं की बऱ्याचदा निघतं ते "तुमचाच ड्रायव्हर ठेवा, शाफ्ट आखूड करा आणि टी (चेंडू ठेवायची खुंटी) थोडी उंच लावा". एका पुरवठादाराने हे कळल्यावर नमुन्याची हेडं देणं बंद केलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं. वर्षभर ओढाताण झाली. भागीदाराने एकदा रागाने वही आपटून विचारलं, "लोकांना लांबीच हवी असेल तर आपण कोण?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण पुन्हा येणाऱ्यांची पानं वहीत वाढत होती आणि येताना ते कुणाला तरी घेऊन येत होते. तो गप्प झाला. त्याला पटलं की नाही, अजून विचारलेलं नाही.

आज आम्ही पाच जण आहोत. लाँच मॉनिटर नवा आहे, माहितीपुस्तिका वाचलेली आहे. जुना मॉनिटर शिकाऊ मुलांना दिला आहे. पहिला महिनाभर ते फक्त ठसे वाचतात, स्क्रीन झाकलेला असतो. व्यावसायिक स्पर्धांमध्ये २०२२ पासून ४६ इंचांवरच्या ड्रायव्हरला बंदी घालणारा स्थानिक नियम लागू करता येऊ लागला, तेव्हा लांब शाफ्टची चौकशी थोडी थंडावेल वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

काका अजून येतात. गेल्या आठवड्यात ग्रिप बदलायला आले होते. जाता जाता दारात थांबून त्यांनी विचारलं, "काय हो, सध्या सगळ्यांत लांब जाणारा ड्रायव्हर कोणता?" शिकाऊ पोराने माझ्याकडे पाहिलं. मी पावडरचा डबा त्याच्या हातात दिला आणि काकांना म्हटलं, "या आत, बारा चेंडू मारा."