सुलोचनाचं 'अनारकली' कार्ड: कठड्याच्या पोपड्याने तारीख सांगितली

सुटलं! सुलोचनाच्या फोटो-पोस्टकार्डाचं चार महिने छळणारं कोडं अखेर सुटलं. माझ्याकडची अनारकली मूकपटातलीच आहे, १९२८ची.

घोळ असा. इंपीरियल या फिल्म कंपनीने 'अनारकली' दोनदा काढला: १९२८ला मुका, १९३५ला बोलका. नायिका तीच, नायक डी. बिलिमोरिया तोच, दिग्दर्शक आर. एस. चौधरीही तेच. आणि कार्डावर नुसतं 'सुलोचना – अनारकली'. बोलपट आल्यावर सुलोचनाने, म्हणजे रूबी मायर्सने, वर्षभर हिंदुस्तानी शिकून घेतली आणि आपलेच गाजलेले मूकपट पुन्हा केले, म्हणून तिची निम्मी कार्डं अशी दुहेरी. (विकणाऱ्याने तर हे कार्ड नंतरच्या अभिनेत्री सुलोचनादीदींच्या नावाखाली लावलं होतं. राग आला, पण त्यामुळेच मला मिळालं.)

अतिनील टॉर्चखाली कागद चमकला नाही, म्हणजे १९५०नंतरच्या चमकणाऱ्या कागदावरची नक्कल नाही, एवढंच कळलं. टॉर्च घ्यायचा तर काळी काच असलेलाच घ्या, नुसता जांभळा उजेड पाडणारा काही कामाचा नाही. मागे पोस्टाचा शिक्का आहे, पण नेमक्या वर्षावर कुणीतरी सेलोटेप चिकटवलाय. एक कोपरा उचलून पाहिला तर शाईच वर येऊ लागली. तिथेच थांबलो. तो टेप मी आता काढणार नाही.

मग गेल्या आठवड्यात 'इंदिरा बी.ए.' हाती आलं. या कार्डाच्या नावातच तारीख आहे: १९२९च्या मूकपटात इंदिरा बी.ए. होती, १९३४च्या बोलपटात ती एम.ए. झाली. दोन्ही कार्डं शेजारी ठेवली आणि पाहतच राहिलो. मागचा रंगवलेला पडदा एकच! तोच कठडा, तीच वेल.

पण पडदा एकच म्हणून काळ एक ठरत नाही, असे पडदे वर्षानुवर्षं वापरत. दोन रात्री तिथेच अडकलो. तिसऱ्या रात्री दहापट भिंगातून कठडा खांबागणिक तपासला. डावीकडून तिसऱ्या खांबाच्या पायाशी रंगाचा पोपडा उडालाय, चंद्रकोरीसारखा. 'इंदिरा'मध्ये तो खालच्या पट्टीपर्यंत पसरलाय, 'अनारकली'त जेमतेम नखाएवढा. दोन्ही स्कॅन एकावर एक ठेवले तर लहान कोर मोठीच्या आत चपखल बसली. उडालेला रंग आपोआप भरत नाही, आणि डागडुजी केली असती तर कड बदलली असती. म्हणजे अनारकलीचा फोटो आधीचा!

कार्ड छापलं कधी, हा प्रश्न वेगळा. फोटो मात्र मूकपटाच्या काळातला.

त्या आनंदात पुन्हा एकदा नुसता चेहरा पाहत बसलो. हाताने भरलेला गुलाबी रंग खालच्या ओठाबाहेर किंचित सांडलाय. स्कॅन दुरुस्त करताना तो पुसायचा बेत होता, आता तसाच ठेवणार.

खरं तर आज 'माधुरी' कार्डाच्या सफाईबद्दल लिहायचं होतं. पण हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं: 'माधुरी'ही दोनदा आला, १९२८ आणि १९३२. तिच्या मागेही कठडा आहे! सफाई राहू दे, आधी तिसरा खांब बघतो. तुमच्याकडे इंपीरियलची कार्डं असतील तर डावीकडचा खालचा कोपरा मोठा करून पाठवा, सहाशे डीपीआयला तरी.