तुम्ही विचारलंत म्हणून: बंद पडलेल्या खाणीत बघण्यासारखं काय असतं?

"काय ओ, लोक मुलांकडे अमेरिकेला जाऊन नायगारा बघून येतात, तुम्ही बंद पडलेली तांब्याची खाण बघून आलात?" हा प्रश्न मला सोलापुरात नवी पेठेत, सात रस्त्यावर, कुठेही गाठतो, लग्नात तर हमखास. आणि त्याच्या मागोमाग, "त्याला हेरिटेज कसलं म्हणायचं, ना देऊळ ना किल्ला?" तर एकदाच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या लग्नात निवांत जेवता येईल.

खाणीचं नाव केनेकॉट, अलास्कात, रँगल-सेंट इलायस नॅशनल पार्कच्या आत. 1900 साली खनिज शोधत फिरणाऱ्या दोन जणांना, म्हणजे प्रॉस्पेक्टरना, लांबून डोंगरावर हिरवा पट्टा दिसला, घोड्यांना चारा मिळाला म्हणून खूश झाले आणि जवळ जाऊन बघतात तर तांब्याचं खनिज. ही गोष्ट तिथे सगळे रंगवून सांगतात. पण त्या भागातले मूळचे रहिवासी, आट्ना लोक, त्याच्या कितीतरी आधीपासून तांब्याची हत्यारं करत होते, व्यापार करत होते, त्यामुळे 'शोध लागला' म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

मग स्टीफन बर्च नावाचा इंजिनिअर आला, त्याच्यामागे गुगनहाइम आणि मॉर्गन या अमेरिकेतल्या बड्या धनिकांचा पैसा आला, आणि कोर्डोव्हा बंदरापासून खाणीपर्यंत 196 मैल रेल्वे टाकली, म्हणजे जवळपास 315 किलोमीटर. आपल्या सोलापूर-पुणे लाइनपेक्षा लांब, आणि ती हिमनद्यांच्या शेजारून, 1911 मध्ये पूर्ण! एवढा खटाटोप परवडला कारण सुरुवातीच्या काही खनिजात 70 टक्क्यांपर्यंत तांबं होतं. आज जगात एक टक्क्याहून कमी तांबं असलेला दगडसुद्धा खणतात. जगाला तेव्हा विजेच्या तारांसाठी तांबं हवंच होतं. चांगलं खनिज संपत आलं तशी 1938 मध्ये शेवटची गाडी सुटली आणि गाव रिकामं झालं.

आता मुख्य मुद्दा. तिथली मिल, म्हणजे दगड फोडून त्यातलं खनिज वेगळं करायचा कारखाना, 14 मजली आहे, लाकडी, लाल रंगाची, डोंगराच्या उताराला टेकून उभी. वरच्या खाणींतून रोपवेच्या बादल्यांतून दगड सर्वात वरच्या मजल्यावर यायचा आणि तिथून गुरुत्वाकर्षणानेच खाली: फोडायचा, चाळायचा, पाण्याखाली हलत्या टेबलांवर जड आणि हलकं वेगळं करायचं, खाली पोती भरायची, गाडीत चढवायची. आपण गाईडबरोबर वरून खाली उतरत येतो तेव्हा दगड ज्या वाटेने गेला त्याच वाटेने जातो, टेबलांच्या लाकडावरच्या खाचा दिसतात, पट्ट्यांच्या पुली दिसतात. बाजूला अमोनियाचं लीचिंग प्लांट, म्हणजे तांबं विरघळवून काढायची जागा. इथे कुणी विचारत नाही पण मला सांगायला आवडतं: उरलेलं तांबं चुनखडीत अडकलेलं होतं, अॅसिड ओतलं असतं तर सगळं अॅसिड चुनखडीनेच खाल्लं असतं, म्हणून अमोनिया. त्यात तांबं विरघळवायचं, मग अमोनिया उडवून तांबं मागे ठेवायचं आणि अमोनिया परत वापरायचा. पॉवर हाऊस, हॉस्पिटल, कामगारांची बंकहाऊसं, सगळं शेजारी शेजारी. कारखाना कसा चालायचा ते वाचून नाही, चालत चालत कळतं. हेरिटेज म्हणतात ते याला.

आणि हे टिकलं का, तर कुणाला फार कळकळ होती म्हणून नाही. रूळ पुढे उखडले गेले, आणि 1960 च्या दशकाच्या शेवटी शेवटी मालक कंपनीने अपघाताची जबाबदारी नको म्हणून इमारती पाडायचं कामही सुरू केलं होतं, काही पाडल्या, पण काम पुरं झालं नाही. एवढ्या आडजागेतून भंगार काढून न्यायचं तर भाडंच भावापेक्षा जास्त! 1986 मध्ये ते नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क, म्हणजे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं, 1998 मध्ये अमेरिकन सरकारच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने बराचसा भाग विकत घेतला. आजही खाणीजवळच्या मॅककार्थी गावाला जाणारा कच्चा रस्ता त्या जुन्या रेल्वेच्या मार्गावरून जातो, आणि मातीतून रुळांचे खिळे वर येऊन टायर फाडतात अशी ताकीद देतात. शेवटची नदी आपल्यासारख्या पाहुण्यांना गाडीने ओलांडता येत नाही, पायी पुलावरून जायचं.

आपल्याकडे नेमकं उलटं झालं. सोलापूरची जुनी मिल ही कापडाची गिरणी 1877 ची, त्या काळात सोलापूरचं घड्याळ म्हणजे मिलचा भोंगा. पण शहराच्या मध्यावरची जमीन, भावाची जमीन, साचे, म्हणजे गिरणीतली यंत्रं, मोडीत जायला वेळ लागत नाही, ट्रक दारात उभा राहतो. चिमणी राहिली तर लोक फोटो काढतात आणि म्हणतात वारसा जपला. मला विचाराल तर नुसती चिमणी बघून कापसाचं सूत कसं व्हायचं, पाळी कशी बदलायची, कोण कुठल्या खात्यात किती उभं राहायचं, यातलं काही कळत नाही. ज्यांनी ते साचे चालवले त्यातले काही जण अजून आहेत, ऐकायला कमी येतं त्यांना, भोंग्याने नाही, साच्यांच्या आवाजाने. त्यांच्याशी बोलायचं असेल तर जरा मोठ्याने बोला, आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. अलास्काचं तिकीट नंतर काढता येईल.